कॅम गिअर नवे, शिट्टीही नवी: जालन्यातल्या एका बुलेटचं प्रकरण

पार्श्वभूमी

गाडी १९९२ ची. कास्ट आयर्न इंजिनाची (म्हणजे सिलिंडर बिडाचा) बुलेट ३५०, ३४६ सीसी, बोअर ७० मिमी आणि स्ट्रोक ९० मिमी. मालक अंबड तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत गणित शिकवतात. त्यांना इथे 'सर' म्हणू, गॅरेजमध्येही सगळे तेच म्हणतात. गाडी आधी त्यांच्या वडिलांकडे होती. वडील गेल्यावर ती वर्षभर ताडपत्रीखाली उभी राहिली, मग सरांनी ती बाहेर काढली आणि शाळेला जायला वापरायला लागले.

माझं गॅरेज जालन्यात आहे. त्याआधी सात वर्षं मी वाळूजला गिअर कापणाऱ्या एका शेडमध्ये इन्स्पेक्शनला होतो. १९८५ मध्ये बजाजचा कारखाना वाळूजला आला, तेव्हापासून त्याच्या आजूबाजूला हॉबिंग (गिअरचे दात कापणं), ग्राइंडिंग, हार्डनिंग करणाऱ्या लहान शेड उभ्या राहत गेल्या. तसल्याच एका शेडमध्ये. त्यामुळे कुठलाही गिअर हातात आला की दात मोजायची खोड आहे. या प्रकरणात ती खोड कामाला आली, आणि तिनेच मला फसवलंही.

ज्यांनी हे इंजिन आतून पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. या बुलेटला वर कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा फिरता उंचवटा) नाही आणि टायमिंग चेनही नाही. उजव्या बाजूच्या कव्हरखाली सगळी चाकांची गर्दी आहे: क्रँकच्या (पिस्टन फिरवतो त्या मुख्य दांड्याच्या) टोकाला लहान पिनियन, तिच्याकडून फिरणारी इनलेट आणि एक्झॉस्टची दोन कॅमचाकं, पुढे इग्निशनकडे जाणारे मधले गिअर. चार स्ट्रोकच्या इंजिनात कॅम क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून कॅमचाकाला पिनियनच्या दुप्पट दात. चाक आणि कॅम एकाच तुकड्यात असतात आणि ते केसमध्ये (इंजिनाच्या खोक्यात) दाबून बसवलेल्या स्पिंडलवर, म्हणजे न फिरणाऱ्या पिनेवर, फिरतात. कॅमवर टॅपेट, टॅपेटवर पुशरॉड, वर रॉकर, आणि रॉकर व्हॉल्व्ह उघडतो. एवढंच.

तक्रार

मे महिन्याचा दुसरा आठवडा. सर आले ते गाडी चालूच ठेवून.

"मिस्त्री, तीनदा टॅपेट करून घेतले, तरी टकटक करायलंच की. गरम झाली की लैच."

आवाज उजवीकडून होता. आयडलवर खडखड, रेस दिली की बरीचशी दबायची. लांब स्क्रू ड्रायव्हर टायमिंग कव्हरवर टेकवून मूठ कानाला लावली, तर आवाज तिथेच भरलेला. हेडवर लावली तर टॅपेटची बारीक टिकटिक होती, पण ती या गाडीला असतेच. पिस्टन वाजत असता तर इंजिन तापल्यावर आवाज कमी झाला असता. बिग एंड (कनेक्टिंग रॉडचं क्रँककडचं बेअरिंग) असतं तर लोडवर, चढाला, जड ठोका आला असता. इथे दोन्ही नव्हतं.

आयडललाच गिअर का वाजतात हे सरांना समजावून सांगितलं, कारण त्यांना समजल्याशिवाय ते पैसे देत नाहीत, आणि त्यात त्यांचं चुकतं असंही नाही. व्हॉल्व्ह उघडताना स्प्रिंग कॅमला मागे ढकलते. व्हॉल्व्ह मिटताना तीच स्प्रिंग कॅमला पुढे पळवते. म्हणजे प्रत्येक वेळी चाकाचा दात शेजारच्या दाताच्या एका अंगावरून सुटून दुसऱ्या अंगावर आपटतो. दोन दातांमधली फट, ज्याला आम्ही बॅकलॅश म्हणतो, जेवढी मोठी तेवढं आपटणं मोठं. रेस दिली की क्रँक सलग जोर लावते आणि आवाज दबतो.

तापल्यावर वाढतो त्याचंही कारण आहे. केस ॲल्युमिनियमची, गिअर पोलादाचे. दर अंशाला ॲल्युमिनियम मीटरमागे साधारण २३ मायक्रॉन वाढतं, पोलाद १२. दोन चाकांच्या केंद्रांमध्ये ५० मिमी अंतर धरा आणि इंजिन ७० अंशांनी तापलं असं धरा. केंद्रं जवळजवळ ०.०४ मिमीने लांब जातात. दाताचा कोन २० अंश असेल तर बॅकलॅश ०.०३ मिमीने वाढतो. कागदावर आकडा लहान दिसतो, कानाला नाही. सरांनी हे गणित खिशातल्या पेनाने माझ्या बिलबुकाच्या मागे स्वतः करून पाहिलं आणि मगच मान हलवली.

पर्याय

पहिला पर्याय होता काहीच न करण्याचा. गिअर वाजले म्हणून या गाडीचं इंजिन बंद पडत नाही. २०डब्ल्यू-५० ऑइल वेळेवर बदलायचं आणि चालवायची. हा पर्याय मी सांगितला, पण हलक्या आवाजात सांगितला, हे कबूल करतो. काम मिळत होतं.

दुसरा: भंगारातल्या गाडीचे कंपनीचे जुने कॅम गिअर शोधायचे. कास्ट आयर्न इंजिन २०१० च्या आसपास बंद झालं, त्यामुळे कंपनीचा नवा सेट सहज मिळत नाही. जुने मिळतात, पण ते दुसऱ्या केसमध्ये, दुसऱ्या जोडीबरोबर झिजलेले असतात. वापरलेली चप्पल दुसऱ्याच्या पायात घालण्यासारखं.

तिसरा: वाळूजला कापून घ्यायचे. सरांना हा फार आवडला. "जालन्यात एवढं लोखंड बनतं, अन् दोन गिअर बनायचे नाहीत?" जालन्याच्या रोलिंग मिलमधून सळ्या टनांनी निघतात, पण घराच्या स्लॅबची सळई वेगळी आणि गिअरचं पोलाद वेगळं. शिवाय एका नगासाठी ब्लँक, हॉब, हार्डनिंग, ग्राइंडिंग आणि वर कॅमचा आकार घासून घेणं, हा खर्च त्या गाडीच्या किमतीला लाजवेल असा. हा पर्याय तिथेच मिटला.

चौथा: बाहेरच्या बनावटीचा नवा सेट. दोन कॅमचाकं आणि पिनियन एकत्र. बुलेटचा बाहेरचा माल आपल्याकडे बहुतेक दिल्लीच्या करोल बागेतून आणि लुधियानाकडून येतो. आमच्याकडे तो नांदेडच्या एका दुकानातून मिळतो, कारण तिथे बुलेटवाले भरपूर आहेत. खोक्यावर छापलेलं असतं 'सायलेंट'. सगळ्याच खोक्यांवर छापलेलं असतं.

पाचवा: फक्त जास्त झिजलेलं चाक बदलायचं. स्वस्त, आणि वाईट. झिजलेल्या दातावर नवा दात चालवला तर नवाही झिजतो आणि आवाज वेगळ्या पट्टीत सुरू होतो.

चौथा ठरला. टॅपेटही नवे घ्यायचे ठरले. इथे बरेच जण पैसे वाचवतात. जुन्या टॅपेटच्या तळाला जुन्या कॅमने आपला घास घेतलेला असतो. त्या खळग्यावर नवा कॅम चालवला तर कॅमचं टोक काही महिन्यांत खरवडतं.

उघडणं

टायमिंग कव्हर काढण्याआधी एक काम केलं, आणि पुढे त्यानेच वाचवलं. प्लग काढून इंजिन हाताने फिरवलं आणि जुन्या कॅमचं टायमिंग कागदावर घेतलं. पुठ्ठ्याच्या चकतीवर ३६० अंश आखलेले, ती क्रँकला लावली, हँडलच्या जुन्या केबलची तार वाकवून काटा केला. एक्झॉस्ट कधी मिटतो, इनलेट कधी उघडतो, आणि दोन्ही थोडे उघडे असतात त्या टीडीसीला (पिस्टन अगदी वर असताना) कोणता किती उचललेला आहे, हे लिहून ठेवलं. अर्धा तास लागला. माझा पोऱ्या म्हणाला, "उस्ताद, ठिपके असतातच की, हे कशाला?" मी म्हणालो, सवय. (टायमिंग जुळवायला चाकांच्या दातांवर ठिपके ठोकलेले असतात.)

पिनियन धरून ठेवणारा ऑइल पंपाचा वर्म नट उलट्या आट्यांचा आहे. पोऱ्याने तो नेहमीच्या दिशेने सोडायला सुरुवात केली होती, मी वेळेवर पाहिलं. हे ज्यांना माहीत नाही ते पाना लांब करतात, मग पाइप घालतात, मग क्रँकचं टोक तोडतात.

जुनी चाकं हातात आली. दात झिजलेले होतेच. एक्झॉस्टच्या चाकाचे दात एका कडेला, कव्हरच्या बाजूला, जास्त झिजलेले होते. मी त्यावरून बोट फिरवलं, 'जुनं आहे' म्हणालो आणि चाक डब्यात टाकलं. या प्रकरणातला सगळ्यात महागडा क्षण हाच. वाळूजला असं चाक कुणी माझ्या टेबलावर ठेवलं असतं तर मी पहिला प्रश्न विचारला असता की याचा शाफ्ट सरळ आहे का. गॅरेजमध्ये विचारला नाही. तिथे माझ्यासमोर मशिन होतं, इथे समोर सर होते आणि जूनच्या मध्याला उघडणारी शाळा होती.

नव्या सेटचे दात मात्र मी अगदी मन लावून तपासले. बोअरचं माप, फिनिश, रनआउट (फिरताना चाक किती डगमगतं ते). जुन्या कानशीचा कोपरा दातावर ओढून पाहिला, घसरला, म्हणजे वरचा थर कडक आहे. चाकं चांगली होती. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे जे झालं त्यात दातांचा दोष नव्हता.

ठिपक्याचा घोटाळा

नवी चाकं ठिपक्याला ठिपका लावून बसवली. कॅमच्या टोकांना आणि टॅपेटच्या तळाला मॉली ग्रीस चोपडलं. पुशरॉड सेट केले. या इंजिनात थंड असताना, कॉम्प्रेशनच्या टीडीसीला, पुशरॉड बोटांनी मोकळा फिरला पाहिजे पण वरखाली हलता कामा नये. एवढी साधी कसोटी आहे.

मग पुन्हा चकती लावली. इनलेट जुन्या आकड्यांशी जवळपास जुळला. एक्झॉस्ट फार लवकर मिटत होता. टीडीसीला जिथे दोन्ही व्हॉल्व्ह थोडेथोडे उघडे दिसायला हवेत तिथे एक्झॉस्ट कधीच बसून गेलेला.

पहिला संशय स्वतःवर घेतला. चकती हलली असेल. टीडीसी चुकली असेल. प्लगच्या भोकातून पिस्टनला थांबवणारा बोल्ट घालून दोन्ही बाजूंनी टीडीसी पुन्हा काढली. तेच उत्तर. फरक एका दाताएवढा. या चाकांत पिनियनचा एक दात म्हणजे क्रँकवर बारा-पंधरा अंश, तेवढाच फरक दिसत होता.

दोन शक्यता. एक, या सेटच्या कॅमचा आकार मुद्दाम वेगळा ठेवलाय. दोन, एक्झॉस्टच्या चाकावर ठिपका चुकीच्या दातावर ठोकलाय. निर्णय कसा करायचा? चाक एक दात मागे घेऊन बसवलं आणि सगळं पुन्हा मोजलं. उघडणं, मिटणं, उचल, तिन्ही गोष्टी जुन्या आकड्यांवर येऊन बसल्या. आकार वेगळा असता तर एक गोष्ट जुळली असती आणि दुसरी बिघडली असती. म्हणजे ठिपकाच खोटा.

पोऱ्याने पंच उचलला. मी हातातून घेतला. कडक केलेल्या दातावर पंच ठोकला तर बारीक तडा जाऊ शकतो. खऱ्या दाताच्या खाली, चाकाच्या अंगावर, इलेक्ट्रिक पेनने एक छोटी रेघ ओढली.

आता विचार करा, टायमिंग आधी लिहून घेतलं नसतं तर? ठिपक्यावर विश्वास ठेवून कव्हर लावलं असतं. गाडी सुरू झाली असती. थोडी गरम चालली असती, थोडी मेलेली वाटली असती, आणि आम्ही महिनाभर कार्बोरेटरशी भांडत बसलो असतो.

दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, अशी तक्रार पहिल्यांदाच आली. खरंही असेल. चकती लावून बघणारे किती?

शिट्टी

कव्हर लावताना क्रँकच्या टोकावर बसणारं सील नवं घातलं. जुन्या गाड्यांत ते कॉर्कचं असतं. त्यातूनच बिग एंडला तेल जातं. ते विसरलं किंवा दुमडलं गेलं तर गिअरचा आवाज घालवण्याच्या नादात क्रँक जाते. हेडकडे जाणाऱ्या तेलाच्या नळीचा बॅन्जो बोल्ट सैल करून, प्लग काढून, तेल दिसेपर्यंत किका मारल्या. मे महिन्यात त्या किका पोऱ्याने मारल्या. त्यासाठी त्याला दोन उसाचे रस पाजले.

मग सुरू केली. खडखड गायब. सर हसले. पोऱ्याने माझ्याकडे बघितलं. मी हसलो नाही, कारण रेस दिली की आतून एक बारीक कुई येत होती. रेस वाढली की तिची पट्टी वर चढायची. बॅकलॅश फार मोठा असला तर गिअर खडखडतात, फार कमी असला तर शिट्टी मारतात.

सर म्हणाले, "बसतील की हळूहळू. नवे आहेत."

हे वाक्य गॅरेजमध्ये रोज ऐकू येतं, आणि अर्ध्या वेळेला खरंही असतं. मी दोन दिवस चालवून बघू म्हणालो. सर अंबडला जाऊन आले. शिट्टी तशीच. उलट इंजिन तापल्यावर थोडी कमी व्हायची, म्हणजे वर सांगितलेलं केस फुगण्याचं गणित आता आमच्या बाजूने काम करत होतं. पण सकाळी थंड असताना चाक एका जागी हाताला जड लागत होतं.

इथे तीन वाटा होत्या. एक, सोडून द्यायचं. जड मेश (दातांची गच्च बसण) मात्र स्वतःहून बरी होत नाही, ती आधी स्पिंडल खाते, मग दात. दोन, व्हॉल्व्ह घासायची पेस्ट दातांना लावून चाकं फिरवून घ्यायची. हा आपल्याकडचा प्रचलित इलाज आहे. एकदा, फार वर्षांपूर्वी, मीही केला होता. पेस्टचे कण दाताच्या पृष्ठभागात रुततात, धुऊन जात नाहीत, आणि तेलाबरोबर सगळीकडे फिरतात. त्या गाडीचं पुढे काय झालं ते सांगायची ही जागा नाही. तीन, पुन्हा उघडायचं आणि शोधायचं.

सरांना मी सांगितलं की उघडतो, पण उघडायची मजुरी घेणार नाही. त्यांनी विचारलं, कामून? मी म्हणालो, पहिल्यांदा जे बघायला हवं होतं ते मी बघितलं नाही असं मला वाटायला लागलंय.

स्पिंडल

डब्यातलं जुनं एक्झॉस्टचं चाक बाहेर काढलं आणि या वेळी नीट बघितलं. प्रत्येक दात कव्हरच्या बाजूला जास्त झिजलेला, केसच्या बाजूला कमी. झीज अशी तिरपी येते ती चाक तिरपं उभं असलं तरच.

मार्किंगचा निळा रंग संपला होता. पोऱ्या समोरच्या पूजेच्या दुकानातून शेंदूर घेऊन आला, तो तेलात कालवून दातांना लावला. (मारुतीला लावतात तोच. फिटर लोक पूर्वी सर्रास वापरायचे, फक्त हात धुतल्याशिवाय तंबाखू मळू नये.) चाकं फिरवली. लाल रंग दाताच्या बाहेरच्या कडेलाच खरवडला गेला, आतल्या कडेला शाबूत. मग सोल्डरची बारीक तार दातांमधून काढली आणि चेपलेल्या भागाची जाडी मायक्रोमीटरने घेतली. बाहेरच्या कडेला फट ०.०१ मिमी, आतल्या कडेला ०.०४. डायल गेज स्पिंडलच्या अंगावर चालवली, तर २० मिमी लांबीत ०.०६ मिमी झुकाव, शेजारच्या चाकाकडे.

सरांनी घरी फोन लावला. आईने सांगितलं की वडिलांनी बऱ्याच वर्षांपूर्वी एकदा इंजिन खोलून घेतलं होतं, कुणाकडे ते तिला आठवत नव्हतं. ज्याने कुणी केलं त्याने नवा स्पिंडल हातोडीने ठोकून बसवला होता. थंड ॲल्युमिनियममध्ये पोलादी पिन ठोकली की ती सरळ जाण्याची हमी नसते, आणि भोकाची कडा एका बाजूला चेपते. जुनी चाकं वर्षानुवर्षं झिजून त्या तिरप्या स्पिंडलला जुळून गेली होती. नव्या, सरळ दातांना ते जमेना. चाकं बदलून मी आवाजाचा फक्त प्रकार बदलला होता.

पुढचा निर्णय मोठा होता, कारण आता इंजिन पूर्ण उतरवावं लागणार होतं. पर्याय म्हणून ऑफसेट स्पिंडल मिळतात, त्यांनी केंद्र थोडं सरकवता येतं. त्याने अंतर सुधारतं, तिरपेपणा सुधारत नाही. आमचा आजार तिरपेपणाचा होता. सर एक दिवस घरी विचार करतो म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी आले आणि एवढंच म्हणाले, "होऊन जाऊ द्या."

केस खोलली, धुतली, गरम प्लेटवर ठेवली. पाण्याचा थेंब पडला की नाचून उडायला लागला, तसा स्पिंडल पुलरने अलगद निघाला. भोक एका कडेला अंडाकृती झालेलं. वाळूजला माझ्या जुन्या सोबत्याच्या शेडमध्ये केस नेली. जालन्याहून पंचाहत्तरेक किलोमीटर, बसमध्ये मांडीवर घेऊन. मेन बेअरिंगच्या बोअरला डायल लावून केस बांधली, स्पिंडलचं भोक तिथून मोजून सरळ करून थोडं मोठं केलं. त्या मापाचा पायरीचा नवा स्पिंडल केला: केसमध्ये जाणारा भाग मोठा, चाक फिरतं तो भाग मूळ मापाचा. हार्डनिंग करून ग्राइंड केला. तो घट्ट बसावा म्हणून भोकापेक्षा ०.०३ मिमीने जाड ठेवला. परत जालन्याला येऊन केस पुन्हा तापवली, स्पिंडल फ्रीजरमधून काढून हातानेच आत सरकवला. हातोडी लागली नाही.

इंजिन खोललंच होतं म्हणून इनलेटचा स्पिंडलही तपासला. तो सरळ होता. सुदैव म्हणा.

परिणाम

नव्या स्पिंडलवर शेंदूर दाताच्या रुंदीभर उमटला. बॅकलॅश इंजिन थंड असताना ०.०५ ते ०.०६ मिमी आला, चाकाच्या पूर्ण फेरीत. मी ०.०५ ते ०.०८ मध्ये आलं तर समाधान मानायचं ठरवलं होतं. हा कुठल्या पुस्तकातला आकडा नाही, या चाकांच्या दाताच्या आकारावरून मी धरलेला आहे. टोकाच्या वॉशरने चाकाचा आडवा खेळ कमी केला, पण शून्य केला नाही. तापल्यावर चाकाला श्वास घ्यायला जागा लागते.

शिट्टी गेली. खडखड गेली म्हणता येणार नाही, उरली तेवढी या इंजिनाची जात आहे. पहिल्या ३०० किलोमीटरवर ऑइल काढलं तेव्हा चिमटीत बारीक चकाकी लागली. पुढच्या वेळी नाही. हजार किलोमीटरनंतर पुशरॉड पुन्हा बघितले, इनलेट किंचित सैल झाला होता, एक्झॉस्ट होता तसाच. कॅम आणि टॅपेटचे तळ एकमेकांना खात असते तर फरक मोठा दिसला असता.

शाळा उघडायच्या आत गाडी मिळाली नाही. सर पहिला आठवडा एसटीने गेले.

एक गोष्ट मात्र बिलात नव्हती. गाडी घरी गेल्यावर दोन-तीन दिवसांनी सरांचा फोन. आई म्हणतायत, गल्लीच्या वळणावरून आवाज यायचा तेव्हा चहा टाकत होते, आता दारात येईपर्यंत कळायलाच नाही.

पुन्हा करायचं झालं तर

जुने दात आधी वाचेन, मग नव्याची ऑर्डर देईन. झीज सारखी असेल तर चाकं बदलायची, तिरपी असेल तर आधी स्पिंडल, सारखी पण फक्त काही दातांवर असेल तर चाकाचा रनआउट. हे मला येत होतं. आलेलं असूनही केलं नाही, कारण मी नव्या सेटच्या तपासणीत रमलो. ज्या गोष्टीची आपल्याला चांगली पारख असते तिच्याकडेच हात आधी जातो.

चाकं निघाल्यावर दोन्ही स्पिंडलवर डायल फिरवायला दहा मिनिटं लागतात. आता हे प्रत्येक बुलेटला करतो, गिऱ्हाइकाने सांगितलं असो वा नसो.

काही न करण्याचा पर्याय मोठ्याने सांगेन. केसच्या मशिनिंगचे पैसे सरांनी दिले, मजुरी दुसऱ्या वेळची मी घेतली नाही, तरी सगळं मिळून त्यांच्या अंदाजाच्या दुपटीला गेलं. पहिल्या दिवशीच 'स्पिंडल तिरपा निघाला तर इंजिन उतरवावं लागेल' एवढं एक वाक्य बोललो असतो तर त्यांनी कदाचित वर्षभर थांबून केलं असतं, किंवा केलंच नसतं. तो निर्णय त्यांचा होता आणि तो त्यांच्यासमोर पूर्ण ठेवला गेला नाही.

'दोन दिवस चालवून बघू' म्हटलं तेही चुकलं. जड मेशवर सर साठेक किलोमीटर फिरले. नव्या दातांच्या बाहेरच्या कडेला एक चकचकीत पट्टी उमटली आहे. ती अजून तिथेच आहे, पुढे काही करेल असं वाटत नाही, पण नसती तर बरं.

टायमिंग आधी लिहून घेण्याबद्दल मात्र काही बदलणार नाही. त्यात एक भर घातली. शेवटचं कव्हर लावण्याआधी त्याच्या आतल्या बाजूला इलेक्ट्रिक पेनने कोरून ठेवलं, म्हणजे दहा-वीस वर्षांनी दुसरं कुणी ही बाजू खोलेल तेव्हा त्याला दिसेल: 'एक्झॉस्ट चाकावरचा ठिपका खोटा. रेघ बघा.' सरांनी ते वाचलं, आणि खाली तारीखही टाकायला लावली.